गोड चक्कर

कोपरगावी ऊस तोडणाऱ्या घरधन्याला,
खर्ड्याहून झुंबरचा नमस्कार.

हे पत्र धाडनार न्हाई, म्हनून खरं लिवते.

दुष्काळी कामावर खडी फोडून उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग समोरचा किल्ला हळूहळू फिरायचा, आन मला पाळण्यात बसल्यागत वाटायचं. त्यात दोन महिने पाळीबी आली न्हाई. आत्याबाई म्हनल्या, "पोरी, गोड बातमी हाय." लग्नाच्या सात वर्सांत पयल्यांदा तुमची आई माझ्याशी मायेनं बोलली. आपली अर्धी भाकर माझ्या ताटात टाकू लागल्या. तुमाला निरोपबी त्यांनीच धाडला.

पंधरा दिसांमागं मी खडीवरच बेसुद पडले. मुकादमानं जामखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईंनी डोळ्याची पापनी वढून बघितली. म्हनल्या, "पोटात काही नाही, बाई. उपासानं रक्त कमी झालंय, पाळीही त्यानंच थांबली. दुसऱ्यांदा चक्कर आली तेव्हाच यायचं होतंस." लोहाच्या गोळ्या दिल्या.

घरी मी फकस्त गोळ्या दावल्या. आत्याबाई म्हनल्या, "घे, बाळाला ताकद यील."

गोळ्या रोज घेते. आज उठताना किल्ला जागचा हलला न्हाई. मी पुन्हा खाली बसले, आन पुन्हा उठून बघितलं.

तुमची,
झुंबर