मांडावरचा पहिला नंबर

९ फेब्रुवारी, रविवार
पोळे करपले. लक्ष फोनात. सुलूने, माझ्या नातीने, पणजी शहरातली नोकरी सोडून फोनात गावासाठी जागा केली आहे. सगळ्यांनी येऊन बोलायचे. नाव ठेवले 'मांड'. मी म्हटले, शिगम्याला, होळीच्या सणाला, गाव जमतो त्या मांडावर आम्ही वहाणा काढून जातो, तुझ्या मांडावर लोक संडासात बसून येतील. हसली नाही. आठवडाभर हसत नाही. माणसे एकूण अकरा. त्यातली चार म्हणजे ती आणि तिची हळर्णची मैत्रीण, दोन-दोन नावांनी.

१२ फेब्रु., बुधवार
डिचोलीचा बाजार. मासेवालीला म्हटले, सुलूच्या मांडावर ये. म्हणाली, तिथे कोण आहे? मी म्हटले, तू आलीस की कोणी तरी असेल. म्हणाली, "कोणी असले की येते. रिकाम्या बाजारात पाटी कोण उतरवते, आजी?" बाकीच्यांचेही तेच. गावचा ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी गुलाबाचे फूल येते, तेवढे त्यांना पुरते. बांगडे महाग.

१७ फेब्रु.
शेजारच्या शेवंतीकडून खरे कळले. सुलूच्या मांडावर नावापुढे नंबर लागतो, जो जसा आला तसा. पहिला सुलू. शिगम्याला मांडावर पहिला नारळ गावचे मानकरी शाबूभाऊंचा, मान त्यांच्या घराचा. त्यांच्याआधी कोणी पाय ठेवत नाही, मग नाव कोण घालणार? आणि भाऊ काय चेडवामागून, कालच्या पोरीमागून, बारावे येणार? एवढे शिकून एवढे समजू नये.
सुलू म्हणते, "तो नुसता आकडा गो, आजी."
म्हटले, "मान पण नुसता नारळच. त्यावरून डोकी फुटतात."

२० फेब्रु.
जेवताना उदय, माझा मुलगा, लेकीला म्हणाला, पुण्याची कंपनी नोकरी देते आहे, हो म्हण, इथे राहून खाणीसारखी बंद पडशील. खाण बंद झाल्यापासून त्याला सगळेच बंद दिसते. ती म्हणाली, शिगम्यापर्यंत थांब. ताट अर्धे टाकून उठली.
पुण्याला गेलेल्या मुलींतली एकही परत आली नाही. गणपतीच्या चवथीला दोन दिवस येतात, पाहुण्यासारख्या. ही पण तशीच...

२३ फेब्रु., रविवार
सुलूने सगळी नावे पुसली. तिला घेऊन शाबूभाऊंकडे गेले, नारळ आणि विडा घेऊन. भाऊ खाटेवर, छातीत घरघर.
"माझ्याआधी कोण?"
"कोणी नाही, भाऊ."
"आणि मागून?"
"तुम्ही आलात की येतील."
त्यांचे बोट धरून तिने फोनावर दाबले. नंबर एक. तिन्हीसांजेपर्यंत बासष्ट जण. जे कधी आले नसते ते, दुसरा कोण नि तिसरा कोण म्हणून भांडत आले. सुलू दोन भाकऱ्या जेवली.

५ मार्च, बुधवार
शाबूभाऊ पहाटे गेले. मानकऱ्याच्या घरचे सुतक म्हणजे गावचे. शिगमो नाही. मांड आता पुढच्या वर्षी, नवा मानकरी नारळ ठेवील तेव्हा.

८ मार्च
फोनातला मांडही बंद. कोणी सांगितले नाही, कोणी विचारले नाही. दोनशेवर माणसे आहेत, एक शब्द नाही. शेवंती म्हणते, सुतकात मांडावर कोण चढते? फोनाला कसले सुतक, मूर्ख कुठली. पण खरे सांगायचे तर चार दिवस मीही उघडलेला नाही.

१० मार्च, सोमवार
पुण्याला उद्या उत्तर द्यायचे. सुलू म्हणते, भाऊंचे नाव काढून टाकते, सगळे एकेक नंबर वर सरकतील, मांड मोकळा होईल.
मी म्हटले, "काढलेस तर गावात आपल्या घरचे पाणी कोणी पिणार नाही."
"आणि ठेवले तर?"
"तर वर्षभर कोणी तोंड उघडणार नाही."
"मग वर्षभर मी काय करू, आजी?"
मी उठून तव्यावर पोळे घातले.
ती पडवीत बसली आहे. नाव काढले की ठेवले, ठाऊक नाही. मी विचारायला जात नाही.