गालावरचे वांग

आये,

तू जाऊन वीस वर्षं झाली आणि आता माझ्याही गालांवर तुझेच वांग उमटलेत. येत्या रविवारी माझ्या लेकीला बघायला खेडकडचे पाहुणे येतायत. म्हणून जाऊबाईंनी मला महाडला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी माझं तोंड खिडकीकडे वळवून नीट बघितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ऊन अडवायला कातडी जास्त रंग बनवते. दिवस गेले की अंगातले बदल त्यात भर घालतात, चुलीची धगही घालते. काही घराण्यांत ते असतंच. लागट नाही, आणि पापाचं तर नाहीच नाही.

आता सांग. चैत्राचं ऊन, पोलादपूरच्या वरचा उतार, तू भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर राब भाजतेयस. पुढ्यात पेटलेला पालापाचोळा, पोटात मी. आणि गावातल्या बाया म्हणतात, हिला कुणाचा तरी तळतळाट भोवला. तू ते खरं मानलंस गो! रोज सहाणेवर जायफळ उगाळायचीस आणि गाल लालबुंद होईस्तोवर घासायचीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं घासूनच डाग आणखी गडद होतात. राबायचं तू, सोसायचं तू आणि वर बोलही तुलाच. मला अजून संताप येतो.

मला बघायला आले त्या दिवशी तू आपणहून स्वयंपाकघरात दाराआड बसलीस. "माझा त्वांड बघून पोरीला नाय म्हनतील," म्हणालीस. पोहे काकूनं नेले. आता जाऊबाई मलाही तेच सुचवतात, जाड पावडर फासा, नाहीतर आतच थांबा. मी सरळ सांगितलं, "तोंड धुऊन चहा मीच नेणार. नसेल चालत तर पाहुण्यांनी आल्या वाटेनं कशेडीचा घाट चढावा." लेकीनं ट्रेमध्ये कप आत्ताच मांडून बघितले.

हे पत्र धाडणार कुठं? मसाल्याच्या डब्याखाली ठेवून देईन. एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी कधी बोलले नाही. त्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, मुलीची आई कुठाय? काकूनं पोह्यांची बशी पुढे सरकवली. "माहेरी गेलीय," हे मी म्हटलं होतं. तू दाराआडच होतीस.