तीन लाल ठिपके

१५ सप्टेंबर, सोमवार

परवाच्या वादळाचं पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं. घर उभं आहे — खांबांवर आहे म्हणून. खाली अंगणात एक फ्रीज उताणा पडलाय. माझा नाही. कुणाचा, कोण जाणे.

कबरस्तानाची बातमी वाईट. पाण्याने थडग्यांची सिमेंटची झाकणं उचलली आणि शवपेट्या तरंगत बाहेर पडल्या. होडीतून जाऊन बघून आले. ओव्हिदचं थडगं उघडं. आत नुसतं पाणी आणि एक खेकडा.

नवरा दुसऱ्यांदा बुडाला माझा. रडू आलं नाही, संताप आला. ब्याण्णवच्या वादळात तो आणि शेजारचा एल्फेज बोट आडोशाला न्यायला निघाले. बोट उलटली, दोघेही गेले. एल्फेज कधी सापडलाच नाही. ओव्हिद निदान सापडला, निदान त्याला पुरता आलं — एवढ्याच समाधानावर मी आजवर जगले. तेही गेलं वाहून.

१६ सप्टेंबर

सगळे मेलेले पाण्याबरोबर दक्षिणेला गेले, दलदलीकडे. एक सोडून. एक पेटी प्रवाहाच्या उलट येऊन नोएमीच्या पायरीला टेकली आहे.

नोएमी म्हणजे एल्फेजची बायको. मधे खाडीचा एक फाटा, पलीकडे ती. मी होडी घेऊन गेले तर बाई पायरीवर कॉफी पीत बसलेल्या. शेजारी पेटी.

"आला गं," म्हणाली.

"कोण?"

"एल्फेज."

त्याला दार सापडावं म्हणून ही बाई सोळा वर्षं रोज संध्याकाळी ओसरीवर दिवा लावते. वीज कंपनीने तुझा सत्कार करायला हवा, असं मी तिला कितीदा तरी म्हटलंय. आज नाही म्हटलं. पण जीभ कुठली गप्प बसायला!

"अगं, समुद्रात गेलेल्या माणसाला पेटीत कोण घालणार? मासे?"

"मला काय विचारतेस," म्हणाली. "मी दार उघडलं तर हा समोर."

१८ सप्टेंबर

पेट्या गोळा करणारे लोक आले. त्यांचा मुख्य ट्रॉस्क्लेअर, पोरगेलाच आहे. मला मावशी म्हणतो. नोएमीच्या पायरीशी असलेल्या पेटीवरची नावाची पट्टी गंजून गेलेली, अक्षर लागेना.

"ओळख पटेल असं काही आत ठेवलं होतं का, मावशी? कुणीही?"

मी ठेवलं होतं. पांढरे रबरी बूट. इथल्या प्रत्येक कोळ्याचे तेच बूट, आणि ते बोटीच्या केबिनच्या दाराशी काढून ठेवायचे. ओव्हिदला घाई झाली की पायात येतील ते त्याचे. रोज कुणीतरी भांडायला दारात! म्हणून मी त्याच्या बुटांच्या आतल्या कडेला नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके दिले. ब्याण्णव साली तो सापडला तेव्हा "तोंड बघू नका, बाई" म्हणाले शोधणारे. मी बूट बघितले. ठिपके दिसले, विषय संपला. तेच बूट धुऊन पेटीत ठेवायला लावले.

ट्रॉस्क्लेअरने झाकण वीतभर उचललं, आत टॉर्च धरला. "तीन ठिपके," म्हणाला. "लाल."

सापडला माझा माणूस.

नोएमी बाजूला उभी होती. पेटीवरून एकदा हात फिरवला तिने. "तुझा तर तुझा," म्हणाली. "पण मग माझ्या पायरीवर कशाला आला?"

मी पेटीवरचा चिखल पुसत राहिले.

१९ सप्टेंबर

पेटी काल ओकच्या बुंध्याला बांधून गेले होते, आज मोठी बोट आणून न्यायची म्हणून. दक्षिणेचा वारा सुटला, पाणी पुन्हा चढलं. सकाळी बघते तर पेटी परत नोएमीच्या पायरीला. पाय दाराकडे. दोरी तशीच झाडाला, गाठ शाबूत.

ट्रॉस्क्लेअर म्हणाला, ओल्या दोरीचं असं होतं. म्हणाला, आणि साखळी मागवली.

२ ऑक्टोबर

चिखल. चिखल. चिखल.

९ ऑक्टोबर

ओसरीवर ओल. खाडीकडच्या पायऱ्यांवरून निघते, दारापर्यंत येते आणि उंबऱ्याशी संपते. आठवडाभर पाऊस नाही. पुसलं.

११ ऑक्टोबर

पुन्हा. छप्पर बघितलं, कोरडं. बोट लावून चाखलं — खारट. ओसरी चाखणारी बाई! कुणाला सांगायची सोय नाही.

२० ऑक्टोबर

ट्रॉस्क्लेअरकडे गेले होते. पेट्या एका गार शेडमध्ये ओळीने ठेवल्यात. "प्रत्येकाची हाडं बघूनच सोडतो, मावशी. नाहीतर भलताच माणूस भलत्याच घरी जायचा."

बघ बाबा. पण एक नोव्हेंबरच्या, सर्व संतांच्या सणाच्या आत मला ओव्हिद हवा. त्या दिवशी थडग्याला चुना लागतो, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. ज्याच्या जागी दिवा नाही तो दार शोधत फिरतो, असं आमच्याकडे म्हणतात. फादर म्हणतात, हे कुठल्याच धर्मग्रंथात नाही. नसेल. मीही कधी मानलं नाही. यंदा मात्र भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे — मला भीती वाटते.

आज त्याचा डावा हात आठवत राहिला. जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडून मोडलेला, वाकडा जुळलेला. कॉफी ओतायचा ती निम्मी बशीत. किती ओरडायचे मी त्याला.

२४ ऑक्टोबर

नोएमी खेकड्यांचा गंबो घेऊन आली, पातेलंभर दाट रस्सा. मीठ जास्त. मी खाल्ला.

एल्फेजबद्दल बोलत बसली. हसला की पार मागची सोन्याची दाढ दिसायची म्हणे. दिसायची खरी, मलाही आठवते. मग एकदम म्हणाली, "पेटी नेली तेव्हापासून दिवा लावताना हात जड होतो. तो घरी आला होता आणि मी त्याला नेऊ दिलं, असं वाटतं बघ."

"तो माझा नवरा होता, नोएमी."

"हो ना," म्हणाली.

जाताना माझ्या ओसरीकडे बघून थबकली. "इथे पाणी कसलं गं?" मी म्हटलं, नळ गळतोय. ओसरीवर नळ नाहीच. तिलाही ते माहीत आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी थडग्याला चुना लावून आले. हात सोलवटले. मग ट्रॉस्क्लेअरने बोलावलं म्हणून शेडवर.

"एकच विचारायचं राहिलं, मावशी. ह्यांचा हात कधी मोडला होता?"

"डावा. लग्नाआधी."

त्याने हातातला कागद खाली ठेवला. "दोन्ही हात सरळ आहेत. कधीच मोडलेले नाहीत."

मला कळलं. तरी विचारलं, "आणि दात?"

"मागच्या दाढेवर सोनं आहे."

घाई झाली की पायात येतील ते बूट. त्या दिवशी तर वादळ डोक्यावर होतं. सोळा वर्षं मी एल्फेजच्या थडग्याला चुना लावला. त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. छपराच्या, गुडघ्याच्या, नोएमीच्या सुद्धा कागाळ्या त्याला सांगितल्या. तो बिचारा ऐकत पडला होता, आणि तिथून खाडीपलीकडे त्याच्या घरचा दिवा दिसतो.

"ह्या पेटीवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला नाही," ट्रॉस्क्लेअर हळूच म्हणाला. "बूट तुमचेच आहेत. तुम्ही म्हणाल तसं करू."

हो म्हटलं की उद्या सणाला माझा नवरा आपल्या जागी. नाही म्हटलं की माझा नवरा कुठेच नाही.

त्याला म्हटलं, आधी पाणी दे. तो आणायला गेला. मी पेटीशी बसून राहिले.

१ नोव्हेंबर

नोएमीच्या ओसरीवर आज अंधार आहे. ती कबरस्तानात एल्फेजजवळ बसली आहे, मी चुना लावलेल्या थडग्याशी.

माझ्या ओसरीवर दिवा लावला. दाराची कडी काढून ठेवली आहे. ओल पुसली नाही.