नदीवर मारलेली रेघ

१२ एप्रिल
सकाळी सहाची आर्द्रता १९ टक्के! या दिवसांत ती साठाखाली जात नाही. म्हणजे उपकरण बिघडलं. तापमापकाच्या फुग्यावरचं ओलं फडकं बदललं. परत १९. वेधशाळेचा नियम स्पष्ट आहे — सरासरीपासून फार लांबचा आकडा लाल शाईने खोडायचा, शेजारी 'शंकास्पद' लिहायचं. खोडला. सरासरी तीस वर्षांची, आकडा एका सकाळचा. कोणाचं ऐकायचं ते उघड आहे.

१३ एप्रिल
१७. खोडला.

१४ एप्रिल
१७. खोडला. डोंगरावरचं जंगल पेटलंय. महिन्यातला चौथा वणवा. कुठपर्यंतची घरं रिकामी करायची, त्याचा नकाशा साहेबांनी मागितला. उरलेल्या आकड्यांवरून हिशेब केला — रात्री हवेला ओल येते, आग मंदावते, नदी ओलांडत नाही. नदीवरच रेघ मारली. "तीन दिवसांचे आकडे कुठायत?" साहेब. "शंकास्पद आहेत." त्यांनी सही केली.

ताईचं घर नदीच्या अलीकडे. दुपारी तिचा फोन — "अरे, धूर दिसतोय. निघू का? शेजारचे मास्तरही विचारतायत." म्हटलं, निर्धास्त राहा, रेघ मी स्वतः मारलीये. तर म्हणे, "तू बस कागद बघत! इथे विहीर दोन महिने आधीच आटलीय." फोन ठेवला. तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१५ एप्रिल
नवं उपकरण आलं. तेही १६ दाखवतंय.

म्हणजे फडकं ठीक होतं. उपकरणही. सरासरीच जुनी झाली — ज्या थंड, ओल्या सकाळींची ती आहे, त्या आता होत नाहीत. साहेबांना म्हटलं, रेघ दहा किलोमीटर अलीकडे घ्या. त्यांनी लगेच वर कळवलं. ताईला सतरा वेळा फोन केला, लागला नाही.

आग रात्रभर मंदावली नव्हतीच. आदेश गावात पोचायच्या आत, सकाळी अकराला, तिने नदी ओलांडली.

१६ एप्रिल
रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. "नियमाप्रमाणेच केलंत," म्हणाले. हो. ताईचा पत्ता नाही. जेवलो नाही. भीती वाटते.

१७ एप्रिल
ताई सुखरूप! आज कुणाच्या तरी फोनवरून बोलली. माझं न ऐकता चौदालाच संध्याकाळी निघाली होती. मास्तरांनाही गाडीत बसा म्हणाली. ते म्हणाले, "अगं, तुझा भाऊ वेधशाळेत आहे. तो सांगतोय तर मी कशाला हलू? तू हो पुढे."

घरातच सापडले.