भावाचं ग्राफिक्स कार्ड

बाबा,

तुमच्या लाडक्याचा कॉम्प्युटर पाहून आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नागपूरच्या टोकाला, बेसाच्या फ्लॅटमध्ये त्याने एक अख्खी खोली त्यासाठी ठेवली आहे. काचेचा कॅबिनेट, आत निळे-जांभळे दिवे, तीन पंखे, आणि आवाज म्हणाल तर नाहीच. त्यावर हा काय करतो? ऑफिसातून येतो आणि गाड्या पळवतो. पस्तिशीचा बाप्या! आणि इकडे तांडापेठेतल्या आपल्याच खोलीत मी बिल्डर लोकांसाठी फ्लॅटची थ्रीडी चित्रं करते. सोफा या भिंतीवरून त्या भिंतीला सरकवला की पडदा गोठतो. मी उठून कणीक मळून येते, तरी सोफा अर्ध्या वाटेतच. जळते मी त्याच्यावर, बाबा. सरळ लिहिते. तुम्ही काही आता रागावणार नाही.

महिनाभर माझी कागदावर जुळवाजुळव चालली आहे. रॅम वाढवावी तर कार्ड तेच जुनं राहतं. कार्ड घ्यावं तर आतला वीज पुरवणारा डबा त्याला पुरत नाही, म्हणजे तोही बदला. दोन्ही घेतलं तर रॅम राहते. सीताबर्डीचा दुकानदार म्हणतो, "मॅडम, पूरा नयाच घेऊन टाका ना!" वा रे वा! तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही हातमागावर विणत होता तेव्हा नवा ताणा, म्हणजे उभे धागे, कधी रिकाम्या मागावर चढवत नसा. जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवायची आणि नव्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडायचा, की मग सगळं आपसूक पुढे ओढलं जातं. माग सुटला, तुम्ही इतवारीच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागलात, तरी ती सवय सुटली नाही. आपला पहिला कॉम्प्युटर जळाला तेव्हा दुरुस्तीवाल्याला तुम्ही हेच ऐकवलं होतं. "पूर्ण काहून बदलू गा? जे चालते ते राहू दे, बाकीचं त्याले जोड." तो हसला होता. पण झालं तसंच, आणि तो कॉम्प्युटर पुढे सहा वर्षं चालला.

त्या दुरुस्तीनंतरचेच दिवस मला सगळ्यात जास्त डाचतात. संध्याकाळी तुम्ही दुकानातून येता, पाय धुता, आणि स्टूल ओढून त्याच्या खुर्चीमागे बसता. माझ्या नाही, त्याच्या. तो गाडी पळवतो आणि तुम्ही मागून ओरडता, "अबे कट मार, कट मार! गेला ना भिंतीवर!" ज्या माणसाने आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नाही तो माणूस ब्रेक कधी मारायचा ते शिकवतो! चहा गार होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "बाप-लेकाले भूक-गिक लागते का नाही?" त्याची पाळी संपली की माझी. मी लग्नपत्रिका करायला बसले की तुम्ही स्टूल उचलून भिंतीला लावता. दारातून विचारता, "झालं काय वं माय?" मी हो म्हणते आणि तुम्ही जाता. त्या पत्रिकांच्या पैशांतून घरात गॅस येत होता, बाबा. एक दिवस मागे बसायला काय जात होतं? पत्रिकेच्या कोपऱ्यातल्या वेलीचं पान उलटं पडलं हे तुमच्या डोळ्याला तेव्हाच दिसलं असतं. छापून आल्यावर दिसलं. "पान उलटं पडलं ना वं," एवढंच म्हणालात, आणि मला तेही पुरलं, इतकी मी उपाशी होते.

आता ते स्टूल त्याच्यामागे कसं गेलं तेही लिहिते, कारण ते मलाच माहीत आहे. मे महिना होता. कॉम्प्युटर तापतो म्हणून आम्ही त्याची एक बाजू उघडीच ठेवत असू. तो सकाळपासून खेळत होता आणि मला एक पत्रिका दुपारपर्यंत द्यायची होती. तो आंबे खायला उठला. मी हात लावून पाहिलं तर नुसता तवा. मग मी आपल्या घरात जे सगळे करतात तेच केलं. कूलर ओढला, तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं आणि फुल्ल सोडला. कूलरच्या गवताच्या ताट्या नव्या होत्या, पाणी काठोकाठ भरलेलं होतं, वाऱ्याबरोबर थेंबही उडत होते. मी भांडी उचलायला गेले. तो आंबे संपवून परत बसला आणि त्याच्या हाताखालीच चट्‌ झालं, जळका वास आला. तो घाबरून आईला बोलवायला धावला. तेवढ्यात मी आत येऊन कूलर परत खिडकीकडे वळवला आणि आतले थेंब ओढणीने पुसून काढले. संध्याकाळी तुम्ही आलात. तुम्ही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "दिवसभर गेम खेळून राहिला हा. मंग जळणारच ना!"

तुम्ही त्याच्या कानाखाली मारलीत. कधी कोणावर हात न उचलणारे तुम्ही. तो दोन दिवस नीट जेवला नाही, आणि तुम्हीही नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलात, कॉम्प्युटर घरी आणून लावलात, आणि त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलंत. "खेळ बापू. मी पाहतो." आणि स्टूल ओढलंत. मी दारात उभी होते.

परवा रविवारी तो आला. पिशवीत त्याचं आधीचं ग्राफिक्स कार्ड, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. म्हणाला, "तू तुझे पैसे पॉवर सप्लायमध्ये अन्‌ रॅममध्ये टाक. कार्ड मी देतो तुले."

"काहून? विकलं तर पैसे येतील ना तुले."

"पहिला कॉम्प्युटर मी जाळला होता ना. तुझं काम बुडवलं होतं मी. कधीपासून मनात होतं."

सतरा वर्षं हा माणूस ते घेऊन फिरतो आहे! मला तिथेच बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. निघालं काय, तर "पोहे टाकते." त्याने स्क्रू काढले, कार्ड बसवलं, नवा डबा घेईपर्यंत वापरायला सोबत आणलेला पॉवर सप्लाय जोडला, वायरी नीट बांधल्या. चालू करून पाहायला माझंच चित्र उघडलं आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाला, "सरकव सोफा." सोफा बोटासोबत सरकला. "बाबा असते तर येथेच बसले असते पाहत," तो म्हणाला. "माझ्यामागे नसते बसले रे," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

तो पोहे खाऊन गेला. तेव्हापासून लाज वाटते आहे, वाटायलाच हवी. पण खरं सांगू? आधी वाटला तो हेवाच. तुम्ही त्याला मारलंत आणि मग जवळ घेतलंत. गुन्हा माझा, आणि माफी त्याला मिळाली. मी सांगितलं असतं तर मार मला बसला असता, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही कोणाच्या मागे बसला असता? हे मी आज, या वयात, बसून मोजते आहे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पोचायला हवं ते त्याच्या मोबाईलवर. त्याचं नाव समोर दिसतं आहे, आणि मी पाठवत नाही. पाठवलं तर त्याला कळेल की तो मार त्याचा नव्हता. मग तुमचं ते बसणंही खरं म्हणजे माझं होतं, हे मी त्याला सांगितल्यावाचून राहणार नाही. त्याच्याकडे तेवढंच तर तुमचं आहे. आणि कार्ड मी ठेवून घेतलं, बाबा.