गळक्या नावेची आणि माझ्या हिश्श्याची वाटणी

मी, आदिनाथ ग्यानबा देवकते, वय सव्वीस, राहणार राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, शुद्धीत आहे, प्यायलेलो नाही. दबाव नाही असं लिहायचं असतं, पण दबाव आहे. थोरला भाऊ हरिओम म्हणला, "तलावात जायचं तर जा, पण आधी लिहून दे. तू बुडल्यावर आमी कचेरीत चकरा मारायच्या का?" सबब लिहून देतो.

कलम १. चार माणसांची फायबरची नाव मी मालवणहून टेम्पोत घालून आणली. तिथं नावा दुरुस्तीला होतो. (त्याआधी रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या ठोकल्या, त्याआधी हुबळीचा ढाबा. तिथली भाजी लय भारी. असो.) उद्या ग्रामपंचायतीसमोर नाव कोरडी पलीकडं गेली तर लोकांना फिरवायची परवानगी मिळेल. नाही गेली तर नाव भंगारात, आणि मीपण.

कलम २. नाव बुडाच्या जोडातून गळत होती. पाण्याखालच्या जोडाला पॉलीयुरेथेन नावाचा चिकट मसाला लागतो. न्हाणीघरातलं सिलिकॉन चालत नाही, पत्र्याचं डांबर तर नाहीच. हे दादाला बजावून मी माल आणायला परभणीला गेलो. दोस्त भेटला म्हणून पूर्णेला गेलो, तिथं रमलो. मागं दादानं मुहूर्त साधला. नवी वस्तू म्हणून नेमका जोडावरच तेलात कालवलेला शेंदूर फासला, वरून न्हाणीघरातलं सिलिकॉन. तेलावर काय धरतंय? मी परतल्यावर म्हणला, "तुझ्याच पद्धतीनं केलंय." खरं मानून नाव पाण्यात घातली. तलावाच्या मधोमध पोचलो आणि सगळी पट्टी कातीसारखी निघाली. मी गटांगळ्या खातोय आणि दादा काठावर मोबाईलवर शूटिंग करायलता. आधी शूटिंग, मग दोर. तरी उरलेल्या सिलिकॉनची नळी हरिओमला द्यावी. दुसरं काही देऊ नये.

कलम ३. या वेळी जोड मी खरवडला. सिलिकॉनचा पापुद्रा राहिला तरी त्यावर दुसरं काही चिकटत नाही. वहिनी दैवशाला थिनरनं शेंदूर पुसायला बसली. दादा म्हणला, "देवाचा शेंदूर पुसतीस? हात झडतील."

"झडू द्या. भाकरी तुमी थापा."

मग पॉलीयुरेथेन भरलं आणि वाळेपर्यंत बोट लावू दिलं नाही. धरलं असावं. उद्या कळेल.

कलम ४. माझ्या हिश्श्याचं रान आणि मेंढरं, उद्या जो माझ्यासंगं नावेत बसेल त्याला. हे दादाला वाचून दाखवलं. त्याची पाठ लगेच दुखायला लागली. आई नर्मदाबाई म्हणली, "मी बसते." तिला पोहता येत नाही. वाटलं, दादा अडवील. तो म्हणला, "बरं, दोघंबी गेलात तर मंग कुणाचं?"

कलम ५. दोघंही गेलो तर सगळं दैवशाला वहिनीच्या एकटीच्या नावे. हरिओमला जेवू घालायचं की नाही, ही तिची मर्जी.

हे ऐकल्यावर दादा आईच्या पायाशी जाऊन बसला. "माय, तू नगं जाऊस. पाणी लय खोल हाय."

आई म्हणली, "आता व्हय रं पाणी खोल झालं?"

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचला, बरोबर आहे.

सही: आदिनाथ ग्यानबा देवकते
साक्षीदार: १. बन्सीधर रंगनाथ काळे २. सिद्धोधन सूर्यभान वाव्हळे
(हरिओमनं सही केली नाही.)
ठिकाण: राणीसावरगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५