केळीला लागलेली चहाची सवय

आप्पा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागावी असं तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. विरारच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल फोटो आला. माझा नव्हे, मी चोखून टाकलेल्या आंब्याच्या बाठ्याचा. खाली नवी गॅसची टाकी बसवली आहे. तिच्यात इमारतीच्या मैल्याचा गाळ आणि घरोघरच्या फळांच्या साली जातात. बाठा चालत नाही, कुजत नाही म्हणे. "इतका निपटून चोखलेला बाठा तुमच्याच घरचा," सेक्रेटरीबाई चारचौघांत म्हणाल्या. चोखायला शिकवलंत तुम्ही, बदनाम मी.

ही टाकी बघायला तुम्ही हवे होतात. होळी गावातल्या आपल्या वाडीत म्हशी विकल्यावर शेणच आटलं, तेव्हा तुम्ही वादळात पडलेले केळ्यांचे घडच्या घड गोबरगॅसच्या टाकीत ढकललेत. टाकी आंबली, ज्योत विझली. बागायतदार माणूस, केळ्यांवर विश्वास जरा जास्तच. मग तुम्ही गुपचूप संडासाचा पाइप तिला जोडलात आणि काही दिवसांनी निळी ज्योत परत आली. तुम्ही आईला हाक मारलीत. ती दारातूनच म्हणाली, "त्यावर देवाचा नैवेद्य नाही नि माणसाचाही नाही. ती नळी माझ्या स्वयंपाकघरात आली तर मी माहेरी जाईन." माहेर पलीकडच्या आळीत, तरी तुम्ही घाबरलात.

शेगडी ओटीवर आली. तिथे तुम्ही एकटेच चहा करायचात. पाहुणा आला की कप पुढे धरता, "घ्या, आणि वास येतो का सांगा." पाहुणा हसतो, तुम्ही बिस्किटं आणायला आत वळता, आणि चहा पायरीजवळच्या केळीच्या बुंध्यात. मीही तेच करायचे, वर मैत्रिणींना रंगवून सांगायचे. माझ्या तिरकस जिभेला पहिली दाद तुमच्या चहावरच मिळाली. एकदा त्या ओल्या मातीकडे बघत तुम्ही म्हणालात, "या केळीला चहाची सवय लागली गं." आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

शेवटच्या आजारपणात भिंत धरत ओटीवर आलात, चहा टाकलात. "अर्धा तरी घे, बाय."

"आत्ताच झाला, आप्पा."

झाला नव्हता. त्या दिवशी केळीच्या वाट्याचा चहासुद्धा तुम्हीच प्यायलात.

आज इथल्या टाकीचं उद्घाटन होतं. सेक्रेटरीबाईंनी त्याच गॅसवर सगळ्यांसाठी चहा केला. एकाचा उपवास निघाला, एकीची अ‍ॅसिडिटी, एक काका कप घेऊन हळूच कुंडीकडे सरकले. बाई ट्रे धरून उभ्या, तोंडावर तुमचंच ते हसू. कालच अब्रू काढली होती त्यांनी माझी, तरी पुढे झाले. कप उचलला, कुंडीपासून लांब उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि म्हटलं, "अजून अर्धा द्या."

हे पत्र कुठेच जाणार नाही, माझ्या खणात पडून राहील. पण तुम्ही विचारायचात आणि मी उत्तर न देता कप ओतून मोकळी व्हायचे, म्हणून आज सांगते. वास येत नाही, आप्पा. अजिबात येत नाही.